वाचक विचारतात : मांजर-उंदरांची जुनी कॉमिक्स

प्रश्न : मामांच्या सामानात अमेरिकेतून आणलेली 'टॉम अँड जेरी कॉमिक्स'ची चळत सापडली. सगळ्यात जुना अंक 60 क्रमांकाचा, जुलै 1949 चा आहे. आधीचे 59 अंक कुठे शोधायचे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : या नावाने शोधलेत तर एकही मिळणार नाही. 'टॉम अँड जेरी कॉमिक्स' या नावाचा पहिला अंक 60 क्रमांकाचाच, म्हणजे तुमच्या हातात आहे तोच. त्याआधी हेच मासिक 'अवर गँग कॉमिक्स' होतं. डेल कंपनीने ते 1942 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू केलं. 'अवर गँग' ही लहान मुलांच्या टोळीची चित्रपटमालिका. ती आणि टॉम-जेरी, दोन्ही एमजीएम या चित्रपट कंपनीकडे असल्याने एकाच अंकात आली. टॉम-जेरी तेव्हा आतल्या पानांवरचे भाडेकरू होते. पुढे त्यांचं नाव मुखपृष्ठावर चढलं आणि 1949 मध्ये घरमालकच बाहेर गेले. क्रमांक मात्र तोच चालू राहिला.

त्या जुन्या अंकांत टॉम-जेरीपलीकडेही पाहण्यासारखं बरंच आहे. मुलांच्या टोळीच्या गोष्टी वॉल्ट केली काढत असे ('पोगो' ही चित्रकथा काढणारा तोच), आणि काही वर्षं बार्नी बेअर अस्वलाच्या गोष्टी डोनाल्ड डकसाठी गाजलेल्या कार्ल बार्क्सच्या हातच्या आहेत. डेलच्या या कॉमिक्समध्ये चित्रकाराचं नाव सहसा छापलेलं नसे. त्यामुळे विक्रेत्याने नुसतं 'बार्क्सचं काम' म्हणून किंमत वाढवली, तर गोष्ट कुठली आणि अंक कितवा ते आधी विचारा.

प्रश्न : काही अंकांच्या मुखपृष्ठावर महिना-वर्ष दिसत नाही. अंक कधीचा ते कसं ठरवायचं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आधी मुखपृष्ठाची आतली बाजू किंवा पहिल्या पानाचा तळ पाहा. प्रकाशक, अंक क्रमांक, महिना आणि कॉपीराइटचं वर्ष तिथे बारीक टाइपात असतं. तो भाग फाटला असेल तर पहिल्या गोष्टीच्या पहिल्या चौकटीत कोपऱ्यात भिंग लावून बघा. डेलच्या 1950 च्या दशकातल्या बऱ्याच अंकांत तिथे एक सांकेतिक क्रमांक असतो. त्याचे शेवटचे आकडे वर्ष-महिना असे वाचायचे : 5211 म्हणजे नोव्हेंबर 1952. डेलनंतर आलेल्या 'गोल्ड की'च्या मुखपृष्ठावरच्या संकेतात शेवटचे तीन आकडे पाहायचे. त्यांतला पहिला म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, पुढचे दोन महिन्याचे. 1960 च्या दशकातल्या अंकावर 605 म्हणजे मे 1966.

प्रकाशकाच्या नावावरूनही काळ कळतो. ही कॉमिक्स प्रत्यक्षात वेस्टर्न ही छपाई कंपनी तयार करत होती, डेल प्रकाशक-वितरक. 1962 मध्ये दोघांचं फाटलं आणि वेस्टर्नने 'गोल्ड की' हा स्वतःचा शिक्का काढला. टॉम-जेरीचा 212 वा अंक डेलचा, 213 वा गोल्ड कीचा. छापलेला महिना बहुधा पुढचा असतो. अंक त्याच्या बराच आधी दुकानात येत असे, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : सिनेमात टॉम-जेरी जवळपास मुके, कॉमिकमध्ये मात्र दोघं सारखी बडबड करतात. शिवाय जेरीबरोबर आणखी एक छोटा उंदीर आहे. ही नक्कल तर नाही ना? (एक वाचक, पणजी)

उत्तर : अस्सल आहे. पडद्यावर पाठलागाला संगीताचा ठेका मिळतो. कागदावर आठ पानं नुसती धावपळ वाचवत नाही. म्हणून डेलने त्यांना बोलतं केलं आणि जेरीला बोलायला जोडीदार दिला. तो टफी. कॉमिकमध्ये तो 1942 पासून आहे, पडद्यावर निबल्स म्हणून 1946 मध्ये आला. टॉम न बोलता दिसला तरच शंका घ्या!

प्रश्न : विकत घेताना अंक पूर्ण आहे हे कसं तपासावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पानं मोजा. मुखपृष्ठ सोडून आतल्या पानांची संख्या चारने भागली गेली पाहिजे. एकच पान फाडलेलं असेल तर लगेच कळतं. फसगत होते ती मधल्या जोडपानामुळे. ते पिनांतून सुटून पडलं की चार पानं एकदम जातात, पिनांच्या दोन्ही बाजू सारख्याच राहतात आणि हिशेब बरोबर येतो. म्हणून अंक मधोमध उघडून डावीकडची शेवटची चौकट आणि उजवीकडची पहिली वाचायचीच. टॉम पिंपात अडकलेला आणि पुढच्याच चौकटीत छपरावर, असं दिसलं तर काय ते समजा. कापून घेतलेली कूपनंही शोधा. पाठीमागच्या गोष्टीला भोक पडलेलं असतं.

मुखपृष्ठाची वरची पट्टी सरळ कापलेली दिसली तर तो उंदराचा उद्योग नव्हे. न खपलेल्या अंकाचे पैसे परत मिळवायला अमेरिकेतले दुकानदार तो तुकडा कापून पाठवत. असा अंक वाचायला घ्या, जपून ठेवण्याच्या भावाने घेऊ नका.

प्रश्न : कोकणातल्या पावसाळ्यात हे अंक टिकवायचे कसे? सध्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेत. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : गोळ्या आजच काढा. नॅप्थलीनच्या वाफा बंद खोलीत आरोग्याला वाईट, काही प्लॅस्टिक त्या मऊ करतात, आणि कागदाचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

हा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य भरपूर. उजेड आणि हवेने तो पिवळा पडतो, आणि कागदातलं आम्ल दमटपणात जोर धरून त्याला ठिसूळ करतं. म्हणून 'ऊन दाखवणं' हा आपला घरगुती उपाय इथे उलटा पडतो. अंक सावलीत, पंख्याखाली, सपाट ठेवून एक-दोन दिवस सुकू द्या. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. जुलैत पिशवी बंद केलीत तर दमट हवाच आत कोंडाल.

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घ्या. पीव्हीसी नको, ते शाईला चिकटतं. 1949 चे अंक आजच्या कॉमिकपेक्षा रुंद असतात. मोजून, दोन्ही बाजूंना चार-पाच मिलीमीटर मोकळी राहील अशी पिशवी निवडा, नाहीतर कडा दुमडतात. मागे आम्लरहित पुठ्ठा. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा चालणार नाही, त्याचं आम्ल कागदात उतरतं.

मग घट्ट झाकणाचा डबा. 20 लिटरला सुमारे 200 ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) कापडी पिशवीत, सोबत छोटा आर्द्रतामापक. काटा 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा. 30 च्या खाली गेला तर पानं मोडायला लागतात, तेव्हा थोडं जेल काढा. केशरी दाण्यांचा रंग उतरला की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास तापवा, गार करून परत घाला.

कसर दिसली तर अंक पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव कागदावर बसेल. बुरशी लागलेला अंक वेगळा ठेवा. पूर्ण सुकल्यावर, मास्क लावून, अंगणात मऊ ब्रशने झाडा.

प्रश्न : फाटलेल्या पानाला सेलोटेप चालेल? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो, मग फाट परवडली असं होतं. आधीची टेप असेल तर ओढू नका. गंजलेल्या पिनाही नखाने उचकू नका. गंज कागदावर उतरत असेल तरच आतून पातळ चपट्या पात्याने पाय सरळ करून बाहेर सरकवा.