सरकती पट्टी लावण्याआधी

पहिलीच वेबसाइट बनवलीस आणि तीही शेतकऱ्यांसाठी, फार छान! पण कांदा-द्राक्षाचे भाव सरकत्या पट्टीत टाकलेस, तिथे जरा थांब. माझ्या वडिलांना असली पट्टी वाचताच येत नाही. अर्धी ओळ होईपर्यंत ती निघून जाते. उद्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची सूचना अशीच निसटली तर गोदाकाठच्या दुकानदाराने काय करायचं? तातडीचा मजकूर स्थिर, ठळक आणि सगळ्यात वर ठेव.

बाकीचं हलवायचंच असेल तर:

- आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त हलणाऱ्या मजकुराला थांबवायची सोय हवी, डब्ल्यूसीएजीचा (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा) तसा निकषच आहे. नवखे माउस नेल्यावर पट्टी थांबवतात आणि तेवढ्यावर सोडून देतात. मोबाइलवर ते चालत नाही. दिसेल असं बटण दे, कीबोर्डनेही दाबता येईल असं.
- मार्की टॅग (मजकूर सरकवणारा जुना कोड) नको, तो कालबाह्य झालाय.

काहींना हलणाऱ्या गोष्टींनी गरगरतं, म्हणून ते फोनमध्ये हालचाल कमी करून ठेवतात. सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतली) ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ही ती सेटिंग ओळखणारी सोय वापरून त्यांच्यासाठी पट्टी थांबलेलीच दाखव.

स्क्रीन रीडरचं (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नंतर बोलू. आज बटण लाव आणि घरातल्या एखाद्या आजोबांना वाचायला दे.