यादीत नाव नाही, म्हणजे विद्यापीठ घसरलं का?

प्रश्न : मुलगी पुण्यात एम.एस्सी. (रसायनशास्त्र) झाली. कॅटॅलिसिसमध्ये (रासायनिक क्रियांचा वेग वाढवणाऱ्या उत्प्रेरकांचा अभ्यास) पीएचडीसाठी नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाकडून पगारी जागा देऊ केली आहे. पण ‘टाइम्स हायर एज्युकेशन’च्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत त्यांचं नावच सापडत नाही. माझे साडू म्हणतात, “यादीत नसलेल्या ठिकाणी पोरीला कशाला धाडता?” वरच्या क्रमांकाच्या दुसऱ्या एका युरोपीय विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळतोय, पण त्यासाठी कर्ज काढावं लागेल. काय करावं? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. उट्रेख्तला यादीतून कुणी काढलेलं नाही. २०२३ साली त्यांनी स्वतःच त्या क्रमवारीला माहिती पाठवणं थांबवलं. तोवर ते पहिल्या शंभरात होते, त्यामुळे कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणायचीही सोय नाही. इतक्या शाखांचं अख्खं विद्यापीठ एका आकड्यात मावत नाही, आणि गुणांच्या शर्यतीपेक्षा आम्हाला सहकार्य आणि खुलं संशोधन महत्त्वाचं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांत ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ बघायचा नाही, हे तर त्यांनी त्याआधीच ठरवलं होतं.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे एखाद्या जर्नलनं, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकानं, मागच्या दोन वर्षांत छापलेल्या पेपरांचे (शोधनिबंधांचे) यंदा सरासरी किती वेळा संदर्भ दिले गेले, तो आकडा. गोम अशी की मूठभर पेपर भरमसाट संदर्भ खेचतात आणि बाकीचे त्यांच्या जिवावर मिरवतात. वर्गाची सरासरी चांगली म्हणून मागच्या बाकावरचा गणू हुशार ठरत नाही ना?

विद्यापीठाच्या क्रमांकाचंही तसंच. वैद्यकातल्या पेपरांना ढिगानं संदर्भ मिळतात, गणितात तुरळक. क्रमवारीवाले हा फरक आकडेमोडीत सांभाळून घेतात, पण शेवटी सगळं एकाच तागडीत पडतं. उट्रेख्तचं मोठं रुग्णालय आहे, देशातली एकमेव पशुवैद्यक शाखा तिथेच आहे. त्या घोडे-गाईंवरून तुमच्या मुलीच्या प्रयोगशाळेबद्दल काय कळणार?

तिला चार वर्षं काढायची आहेत ती एका गटात, एका गाइडच्या हाताखाली. याच विद्यापीठात १९७१ साली गेरार्ड ’ट होफ्ट पीएचडी करत होते, गाइड होते मार्टिनस व्हेल्टमन. दोघांच्या त्या कामाला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं १९९९ साली. अठ्ठावीस वर्षं! दरवर्षीच्या यादीत असलं काही दिसत नसतं.

तेव्हा आज संध्याकाळी मुलीला शेजारी बसवा आणि गूगल स्कॉलरवर (गूगलची शोधनिबंध शोधायची सोय) तिच्या होणाऱ्या गाइडचं नाव टाका. गेल्या पाच वर्षांतले पेपर उघडा आणि पहिलं नाव कुणाचं आहे ते पाहा. रसायनशास्त्रात प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं नाव बहुधा पहिलं असतं. तिथे पीएचडीची मुलं दिसली तर बरं. एकाच ज्येष्ठाचं नाव सारखं दिसत असेल तर सावध व्हा. मग ती मुलं सध्या कुठे आहेत ते शोधा. त्यांचे प्रबंधही बहुतेक वेळा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. शेवटचं आभाराचं पान जरूर वाचा, गाइडचा स्वभाव तिथे कळतो. (मी स्वतः आधी तेच पान उघडतो.) पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) कॅटॅलिसिसवर काम करणारी मंडळी आहेत. मुलीच्या ओळखीत कुणी असेल, तर या गटाबद्दल विचारू द्या. त्यांचं मत कुठल्याही क्रमांकापेक्षा मोलाचं.

पैशांचा प्रश्न तर सोपाच आहे. तिथली अशी पीएचडी म्हणजे नोकरी. फी नाही, दरमहा पगार. करार मात्र नीट वाचा. बऱ्याचदा आधी वर्ष-दीड वर्षाचा देतात आणि काम पाहून चार वर्षांपर्यंत वाढवतात. त्या कामाचा आढावा कोण घेतं, हे आत्ताच विचारून घ्या. गाइडबद्दलचं उत्तर समाधानकारक आलं, तर कर्ज काढून मास्टर्स करायला मी तरी सांगणार नाही.

आणि राहायच्या खोलीची शोधाशोध आजपासूनच सुरू करा. उट्रेख्तमध्ये खोली मिळणं महाकठीण.