पेटी बंद करून गाऊन बघ

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी देसाईगंज (वडसा) तालुक्यातल्या एका खेड्यातला. यंदा आर्ट्समधून बारावी झालो. गावच्या भजनी मंडळात लहानपणापासून पेटी वाजवतो, गातोही. मागच्या हंगामात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, काही नाटकांना साथ केली. पुढे संगीतातच पदवी घ्यायची आहे. पण शास्त्रीय कोणाजवळ शिकलो नाही, राग ओळखता येत नाहीत. बाबा म्हणतात, "गाण्याची डिग्री घेऊन का करशीन?" मला हे झेपेल का?

उत्तर : झेपेल. मी महाविद्यालयात संगीत शिकवत होते तेव्हा माझ्या वर्गात भजनी मंडळातून आलेली पोरं दरवर्षी असायची. मोकळा आवाज, न बिचकता गाणं आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, न चुकणं या गोष्टी ती घरूनच घेऊन यायची. शहरातल्या पोरांना तेवढ्यासाठी वर्ष लागायचं.

अडायचं ते पेटीपाशी. भजनात पेटी पुढे चालते आणि गळा तिच्या मागून जातो. पेटीचे सूर ठरावीक जागी बसवलेले असतात, आणि त्यातले काही आपल्या गाण्याच्या सुरांशी नेमके जुळत नाहीत. मोबाइलवर तंबोऱ्याचं अ‍ॅप फुकट मिळतं, ते लाव. पट्टी, म्हणजे आपला 'सा', पेटीच्या काळी एक किंवा दोनच्या आसपास ठेव; भजनात तू काळी चारला ताणून गात असशील, ते इथे नको. कानाला हेडफोन लाव आणि शेवटच्या, खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या तारेकडे लक्ष दे. थोड्या वेळाने त्या तारेतूनच एक गंधार, म्हणजे 'ग', ऐकू येईल, कोणी छेडलेला नसताना. त्या गंधारात आपला गंधार मिसळ. मग पेटीवरचा गंधार दाबून बघ, किंचित चढा लागेल. हा फरक तुझ्या कानाने एकदा पकडला की अर्धी लढाई जिंकलास. याच कारणांनी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली. तू पेटी सोडू नकोस, ती तुझी भाकर आहे. फक्त सकाळचा रियाज तिच्याविना कर.

राग ओळखता येत नाहीत याची लाज नको. सुरुवातीला सहसा यमन, भूप, भैरव असेच राग असतात, सोबत अलंकार म्हणजे सुरांचे पलटे, दहा थाट म्हणजे रागांचे गट, आणि भातखंडे यांच्या स्वरलिपीत लिहिलेली बंदिश वाचणं. पुस्तकाचा भाग पाठ होतो. तालाचं मात्र आतापासून कर. भजनाचा केरवा ताल तुझ्या अंगात आहे, पण विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या बारा मात्रा इतक्या लांब असतात की नवा माणूस मधेच हरवतो. आधी झपताल हातावर घे : धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. बांधीत धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, सुरू असताना मनात चालव.

आता कुठे शिकायचं ते. आपल्याकडच्या काही महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत हा इतर विषयांसोबतचा एक विषय म्हणून मिळतो. घर सुटत नाही, खर्च कमी. पण गाण्याला तास थोडेच येतात, तेव्हा बाहेर गुरू शोधावाच लागेल. दिवसभर गाणंच हवं असेल तर तुझ्यासाठी छत्तीसगडमधलं खैरागढ जवळ आहे. तिथलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ साली सुरू झालं. तिथल्या राजघराण्याने मुलीच्या नावाने आपला राजवाडाच त्यासाठी दिला. वडशावरून रेल्वेने गोंदिया, तिथून डोंगरगढ, पुढे सुमारे ४० किलोमीटर रस्ता. व्यवहार हिंदीत, ते आपल्या भागातल्या पोरांना जड जात नाही. मी तुझ्या जागी असते तर खैरागढच धरलं असतं. फक्त राज्य बदलतं, म्हणून महाराष्ट्राची शिष्यवृत्ती तिथे लागू होते का, हे फॉर्म भरण्याआधी समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन विचार.

गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही जरूर दे, प्रारंभिकपासून. पण त्यातली विशारदची परीक्षा झाली म्हणजे विद्यापीठाची पदवी झाली, असं धरून चालू नकोस. नोकरीच्या जाहिरातीत काय मागितलंय ते दर वेळी नीट वाचावं लागतं.

बाबांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नकोस. शाळांत संगीत शिक्षकाच्या जागा क्वचित निघतात. महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, म्हणजे बरीच वर्षं. आकाशवाणीची ऑडिशन पास झालास तर ग्रेड मिळते, मान मिळतो, पण त्यावर घर चालत नाही. त्यांना हे सगळं खरं खरं सांग. सोबत हेही सांग, की दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत चांगल्या साथीदाराला बोलावणी असतात, आणि सुरात पक्का, ताल न सोडणारा पेटीवाला हवाच असतो.

एकच अट घालते. पहिल्या वर्षी हंगामाची कामं घेऊ नकोस. सेमिस्टरची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत येते, आणि थंडीत रात्रभर मंडपात जागून सकाळी खर्ज लागत नाही, गळाही बसतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलास की गावच्याच मंडळीसाठी एखादा प्रयोग वाजव, तेवढा पुरे.

प्रवेशाच्या चौकशीला जाशील तेव्हा बाबांना सोबत ने. वर्ग चालू असेल तर दारात उभं राहून दोघांनी थोडा वेळ ऐका. वसतिगृहाचं भाडं, मेसचा खर्च, रियाजाला खोली किती वाजेपर्यंत उघडी असते, हे बाबांच्या समोरच विचार.