वाय गुणसूत्र फक्त पुरुषांकडे, म्हणजे त्यांच्याकडे काही जास्तीचं असतं का?

तुमचा प्रश्न असा की पुरुषाकडे एक्स आणि वाय दोन्ही आहेत, बाईकडे नुसते एक्स. मग पुरुषाचं पारडं जड नाही का? आणि हे वाय झिजून संपणार म्हणतात, ते खरं का?

हिशेब मांडला तर पुरुषच तुटीत निघतो. गुणसूत्रांच्या २३ जोड्यांपैकी २२ दोघांच्या सारख्याच. तेविसाव्या जोडीतलं एक्स ऐसपैस, डीएनएच्या साधारण १५.५ कोटी अक्षरांचं, प्रथिनं बनवणारी आठशेवर जनुकं बाळगणारं. वाय त्याच्या निम्म्याहूनही लहान, अशी जनुकं जेमतेम शंभरेक, त्यातही बऱ्याच एकाच जनुकाच्या प्रती. एक्सशिवाय गर्भ तगतच नाही. वायशिवाय काय अडतं ते बायकांकडे बघा!

वायवरचं कळीचं जनुक एसआरवाय, १९९० साली सापडलेलं. सुरुवातीचे सहाएक आठवडे जननग्रंथी दोघांच्या सारख्याच असतात; हे जनुक चालू झालं की त्यांची वृषणं होतात. पुढचं काम टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं करतात. गंमत म्हणजे टेस्टोस्टेरॉन ओळखणाऱ्या प्रथिनाचं जनुक एक्सवर आहे, म्हणजे मुलाला ते आईकडूनच मिळतं.

मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. एकुलतं एक एक्स असण्याची अडचण वर्गातच दिसते. रंगांधत्व तपासायचा ठिपक्यांचा तक्ता धरला की सगळा वर्ग ७४ वाचतो आणि एखादा मुलगा ठामपणे २१ म्हणतो. मी विचारते, ‘मामाला पण असंच आहे का रे?’ ‘हो मॅडम, मामालेही नाही दिसत!’ लाल-हिरवा रंग ओळखणारी जनुकं एक्सवर असतात. आईचं एक एक्स बिघडलेलं असलं तरी दुसरं सांभाळून घेतं. मुलाच्या वाट्याला नेमकं बिघडलेलं आलं तर मदतीला कोणी नाही. बापाकडून वायच आलेलं असतं. आपल्या विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार मात्र अकराव्या गुणसूत्रावरचा, आई-बाप दोघांकडून दोष आला तर होणारा. तो मुलगा-मुलगी बघत नाही.

मग बायकांना एक्सवरचं सगळं दुप्पट मिळतं का? तसंही नाही. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं की स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बरंचसं बंद होतं. कुठलं, ते पेशीगणिक वेगळं. काही पेशींत आईकडचं चालू, काहींत बापाकडचं. थोडी जनुकं बंद एक्सवरही जागी राहतात, त्यामुळे बरोबरी अगदी काटेकोर नसते.

वाय झिजलंय हे खरं, पण ती झीज फार जुनी. रीसस माकडांचे आणि आपले पूर्वज अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेव्हापासून आपल्या वायने जुन्या जनुकांतलं जवळपास काहीच गमावलेलं नाही. त्या बातम्यांनी घाबरू नका.