मुभा म्हणा, क्रेडिट म्हणू नका

प्रश्न : 'कॅप अँड ट्रेड' या धोरणाला मराठीत काय म्हणावे? 'मर्यादा आणि व्यापार' चालेल का? त्यात ज्याची खरेदी-विक्री होते त्यालाच 'कार्बन क्रेडिट' म्हणतात ना?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो शब्द ऐकून ऐकून कान किटले आहेत. म्हणतात हो, सगळेच म्हणतात, पण चुकीचे म्हणतात. क्रेडिट हे कमवावे लागते. कोणी जंगल राखले, कोणी पवनचक्क्या उभारल्या, मग 'हे केले नसते तर कार्बन डायऑक्साइडसारखा पृथ्वी तापवणारा वायू इतका हवेत गेला असता' असा हिशेब मांडून फरकाचे प्रमाणपत्र घेतले. त्या हिशेबातला 'नसते तर' कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो, आणि सगळी भांडणे तिथेच होतात.

कॅप अँड ट्रेडची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून होते. सरकार आधी एकूण आकडा ठरवते : योजनेतल्या सगळ्या वीजकेंद्रांनी आणि कारखान्यांनी मिळून वर्षाला हा वायू इतकेच टन सोडायचा. मग तेवढेच कागद काढते, एका टनाला एक. काही फुकट वाटते, काही लिलावात विकते. वर्ष सरले की ज्याने जितके टन सोडले त्याने तितके कागद सरकारजमा करायचे. समजा दोन कारखाने शंभर-शंभर टन सोडतात आणि एकूण आकडा 160 ठरला. दोघांना 80-80 कागद मिळाले. पहिल्याला धूर कमी करणे स्वस्तात जमते, दुसऱ्याला त्याच कामाला पाचपट खर्च येतो. पहिला 60 वर उतरतो आणि उरलेले 20 कागद दुसऱ्याला विकतो. दुसरा शंभरावरच राहतो. बेरीज 160 च.

या कागदाला काय म्हणायचे, हा खरा प्रश्न. तो तुम्ही विचारलाच नाही. 'परवाना' नको, कारण परवाना वापरून संपत नाही. 'कोटा' नको, कारण वाट्याला येतो तो कोटा. बाजारातून आणला तो कसला कोटा? अर्थशास्त्राच्या जाणकारांना 'उत्सर्जन हक्क' फार आवडतो. त्यांनी अमेरिकेचा 1990 चा कायदा उघडून पाहावा. आम्लपर्जन्य रोखण्यासाठी सल्फर डायऑक्साइडवर जी योजना आली, तिच्या मजकुरातच लिहिले आहे की हा कागद म्हणजे मालमत्तेचा हक्क नव्हे. उद्या सरकारला आकडा खाली आणायचा झाला तर कोणी भरपाई मागत दारात उभे राहू नये, म्हणून ही तजवीज. कायदा ज्याला हक्क म्हणायला नकार देतो, त्याला आपण तोच शब्द बहाल करायचा?

माझा शब्द आहे मुभा. तो आला अरबी 'मुबाह'वरून. इस्लामी धर्मशास्त्र माणसाच्या कृत्यांचे पाच वर्ग करते : करायलाच हवे ते, केलेले बरे ते, टाळलेले बरे ते आणि निषिद्ध ते, अशा चौघांच्या बरोब्बर मध्ये बसतो मुबाह. केले तर पुण्य नाही, नाही केले तर पाप नाही. टनभर वायू सोडण्याच्या कागदाचा दर्जा याहून नेमका कोणी सांगून दाखवावा! हक्क नाही, शाबासकी नाही, दंडही नाही. दंड वेगळाच असतो : युरोपीय संघाच्या योजनेत कागद कमी पडले तर टनामागे 100 युरो, महागाईनुसार वाढत जाणारे, आणि ते भरूनही न दिलेले कागद पुढच्या वर्षी द्यावेच लागतात. म्हणजे पैसे टाकून सुटका नाही.

आणि शब्दाचा प्रवास तर पाहा. मुबाहमधला शेवटचा 'ह' मराठीत गळाला असे वाटते, पण तो गळालेला नाही, उडी मारून मागच्या 'ब'ला जाऊन चिकटला आणि त्याचा 'भ' झाला. फारसी 'सूबह'चा आपण 'सुभा' केला, तोही याच रीतीने. हिंदी सूबेदारावर थांबली, मराठी सुभेदारापर्यंत पोचली. हा योगायोग आहे असे म्हणणारे भेटतात. त्यांनी हकार गेला कुठे ते सांगावे, मी ऐकायला तयार आहे.

दुसरा आक्षेप असा की मुभा मोजता येत नाही, 'वीस मुभा' कानाला खटकते. खटकू दे. 'रजा' म्हणजे मुळात संमतीच. 'येतो, रजा द्या' म्हणणारी पिढी अजून आहे. आज तीच रजा आपण मोजतो, साठवतो, पुढच्या वर्षात ओढतो, आणि नियमात बसत नसेल तर ती बुडते. मुभेचेही तेच. युरोपात 2005 ते 2007 या पहिल्या टप्प्यात गरजेपेक्षा जास्त मुभा वाटल्या गेल्या आणि त्या पुढच्या टप्प्यात नेण्याची सोय नव्हती. 2007 मध्ये त्यांचा भाव जवळपास शून्यावर आला. वीज कंपन्यांना त्या फुकट मिळाल्या होत्या, तरी मुभेची किंमत विजेच्या दरात घालून त्यांनी ग्राहकाकडून वसूल केलीच. लिलावाचा आग्रह वाढला तो यातून.

आता तुमची 'मर्यादा'. शब्द वाईट नाही, पण वाचणाऱ्याला वाटते की प्रत्येक कारखान्याला स्वतंत्र मर्यादा आहे. 'कमाल मर्यादा' म्हटले तरी तोच घोळ, कारण शेतजमिनीच्या कायद्याने ती एकेका धारकावर घालून आपल्या डोक्यात पक्की केली आहे. इथे एकेकट्याला मर्यादा नाही, मुभा असतील तितका धूर सोडा. बांध आहे तो बेरजेवर. म्हणून 'एकूण कमाल' म्हणावे, आणि ती दरवर्षी खाली येते हेही सांगावे. युरोपात 2024 पासून ती एका ठरावीक मूळ आकड्याच्या 4.3 टक्क्यांनी दरवर्षी उतरते, 2028 पासून 4.4 टक्क्यांनी.

ज्यांनी 2023 मध्ये भारताने जाहीर केलेल्या योजनेला कॅप अँड ट्रेड म्हणून टाकले, त्यांचे मात्र नवल वाटते. तिथे उद्योगांना बंधन आहे ते उत्पादनाच्या एककामागे किती वायू सुटतो यावर. उत्पादन दुप्पट झाले तर नियम पाळूनही एकूण धूर वाढू शकतो. कमाल कुठेच नाही. उद्दिष्टापेक्षा चांगले काम करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते, तेव्हा तिथे 'क्रेडिट' हा शब्द शोभतो, आणि सरकारने तोच वापरला आहे.

'व्यापार'बद्दल तक्रार नाही, पण 'खरेदी-विक्री' अधिक सरळ. पूर्ण नाव 'एकूण कमाल आणि मुभांची खरेदी-विक्री'. मथळ्यात मावत नसेल तर 'मुभाबाजार' लिहा.