जुन्या मारुती ८०० ची नवी बॅटरी दोन महिन्यांत उतरते, रात्री लाइट पिवळे पडतात. मेकॅनिक अल्टरनेटर बदला म्हणतो. बदलू का?

अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग. तो मीटर लावल्याशिवाय बदलू नका. साधा डिजिटल मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. इंजिन चालू करा, थोडं रेस ठेवा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर व्होल्टेज बघा. १३.८ ते १४.४ आलं तर चार्जिंग ठीक आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. १३ च्याही खाली आलं की "अल्टरनेटर गेला" असं सांगून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. तुमचा प्रश्न वाचून हात शिवशिवले ते याच्यामुळेच.

मी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये नोकरी केली. गाडी मात्र आमच्या घरची असूनही अमळनेरला दाजींकडे असायची. वडिलांनी घेतलेली १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. वडील गेल्यावर ताईला उपयोगी पडेल म्हणून तिकडे दिली. दाजींची शेती, ट्रॅक्टर, मालाचा ट्रक, त्यामुळे त्यांचा एक ठरलेला मेकॅनिक. त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

गाडीचं दुखणं अगदी तुमच्यासारखं. सकाळी सेल्फ जड फिरायचा, रात्री लाइट मंद. आधी बॅटरी बदलली. मेकॅनिक म्हणाला, उन्हानं गेली. पटण्यासारखं होतं, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य कमी होतं हे खरंच आहे. पण ऊन बॅटरीची वर्षं कमी करतं. नवीकोरी बॅटरी ते काही आठवड्यांत झोपवत नाही. ती नवी बॅटरीही उतरायला लागली तेव्हा अल्टरनेटर काढला आणि त्याच्या जागी रिवाइंड केलेला, म्हणजे आतल्या तारा पुन्हा गुंडाळलेला जुना, बसवला. वडिलांच्या वेळचा ओरिजिनल अल्टरनेटर दुकानदारानं एक्स्चेंजमध्ये ठेवून घेतला. पुढे क्लच जड झाला म्हणून क्लच केबलही बदलली. हे सगळं मला फोनवर कळायचं. मी म्हणायचो, दाजी, अर्थ बघा, म्हणजे अर्थिंग, करंटची बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. आणि दाजी म्हणायचे, "राहू दे भो, तू पंचवीस हजार व्होल्टवाला, बारा व्होल्टनं तुले काय समजस?"

हे वाक्य ते चारचौघांत म्हणायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

मग दोंडाईचाहून एक लग्न आटोपून रात्री परत येताना बेटावदच्या अलीकडे लाइट पिवळे झाले, नंतर समोरचा रस्ता दिसेनासा झाला. दाजींनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि परत सेल्फ मारला तर नुसतं टक्. ताई, तिच्या वयस्कर सासूबाई आणि अंगावर दागिने. धक्का मारून गाडी चालू झाली, पण लाइटशिवाय जाणार कुठे? एका ट्रकवाल्यानं भल्या मनानं गाडी हळू ठेवली आणि त्याच्या उजेडाच्या मागेमागे ते अमळनेरपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. दाजींचा नाही, ताईचा. मी मीटर घेऊन गेलो.

पहिलं काम, बॉनेट उघडून ताईला सेल्फ मारायला सांगितला आणि नव्या क्लच केबलला हात लावला. गरम! केबल गरम व्हायचं कारण काय? सेल्फ घेतो तो शंभराच्या घरातला ॲम्पिअर इंजिनच्या लोखंडातून परत बॅटरीच्या मायनसला यायचा असतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि बॉडीच्या मध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. ती खराब झाली की करंट मिळेल ती वाट धरतो, मग ती क्लच केबल असो की ॲक्सिलरेटरची. जुनी केबल जड का झाली होती, हे मला तिथेच कळलं.

मग मीटर. इंजिन चालू, हेडलाइट चालू. अल्टरनेटरच्या मागच्या मोठ्या बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.१. बॅटरीवर १२.५. मधले १.६ व्होल्ट गेले कुठे? एक टोक अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवलं तर ०.१, म्हणजे वरची वायर चांगली. एक टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर ठेवलं तर १.५. जवळजवळ सगळी घट अर्थमध्ये. व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पोटात असतो, त्याला तिथल्या तिथे १४.१ दिसतात आणि तो समाधानी राहतो. बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळायला मार्गच नाही. तुम्ही कितीही अल्टरनेटर बदला, नवाही हेच करणार.

पट्टी वरून ठीक दिसत होती. खोलल्यावर लगच्या, म्हणजे टोकाला बोल्टखाली बसणाऱ्या कडीच्या, आत हिरवी पूड आणि निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या. दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज घासून लोखंड पांढरं केलं, नवी पट्टी टाकली, वरून ग्रीस लावलं. त्याच अल्टरनेटरवर बॅटरीला १३.९ मिळायला लागले. पट्टीचा खर्च मीटरपेक्षाही कमी.

आणि पंचवीस हजार व्होल्टवाल्याला काय कळतं म्हणाल तर हेच कळतं. लोकोमध्ये वरच्या तारेतून घेतलेला करंट चाकांतून रुळात परत जातो, आणि परतीची वाट धड नसेल तर वरचं सगळं निरुपयोगी आहे हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. व्होल्ट बारा असोत नाहीतर पंचवीस हजार, नियम एकच. दाजी अजूनही पाहुण्यांना सांगतात की अल्टरनेटर नवा टाकल्यामुळे गाडी सुधारली. माझं म्हणणं, रिवाइंड टाकूनही दुखणं तसंच राहिलं आणि पट्टी बदलल्यावरच गेलं, म्हणजे दोष अर्थमध्ये होता, आणि वडिलांचा अल्टरनेटर बहुधा विनाकारण गेला. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, काहीही उतरवलं तरी जुना भाग आपल्या ताब्यात ठेवा. एक्स्चेंजच्या शे-दोनशेसाठी देऊन टाकू नका.

आता तुमच्या गाडीबद्दल. इंजिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थ दुरुस्त करा. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. प्लस आणि मायनस दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या आणि अल्टरनेटरच्या स्वतःच्या बोल्टवरच १२ च्या आसपास दिसत असेल, तर तुमचा मेकॅनिक बरोबर असू शकतो. पण तेव्हाही आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा, ढिला असेल किंवा आतून काचेसारखा चकचकीत झाला असेल तर लोडवर घसरतो. चावी दिल्यावर डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा लागतो का तेही बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातून मिळतो, बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद. अल्टरनेटरच्या आतले कार्बन (ब्रश) झिजले असतील तर कार्बन बदलतात, त्यासाठी पूर्ण अल्टरनेटर लागत नाही.

चार्जिंग चांगलं असूनही उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर गळती शोधा. सगळं बंद करून मायनसची वायर काढा आणि मध्ये मीटर ॲम्पिअरवर लावा. त्या वेळी सेल्फ चुकूनही मारू नका, मीटर जळेल. ५० मिलीॲम्पिअरपर्यंत ठीक. कुठे ३०० जात असतील तर दिवसाला ७ ॲम्पिअर-अवर गेले, आणि तुमची बॅटरी असते ३५ च्या आसपास. बाहेरून लावलेला टेप आणि हॉर्नचं रिले यांच्यावर माझा पहिला संशय असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवरचा व्होल्टेजचा आकडा उलट १४.८ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, पाणी उकळून प्लेटा उघड्या पडायच्या आत गाडी थांबवा. आणि हे सगळं जुन्या गाड्यांसाठी आहे. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर कमी-जास्त करतो, तिथे १३ च्या खालचा आकडा दोष असेलच असं नाही.

शेवटचं, मेकॅनिक इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपसायला लागला तर त्याचा हात धरा. गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग चांगलं, अशी ती परीक्षा असते. अचानक लोड सुटला की व्होल्टेज उसळतं आणि डायोड नाहीतर रेग्युलेटर खरोखर जातो. दाजींचा मेकॅनिक हेच करायचा. मी अडवलं तर दाजी म्हणाले, या मेकॅनिकचे वडीलही असंच बघायचे. त्यांच्या वेळी गाडीत अल्टरनेटरच्या जागी डायनामो होता, त्यात डायोड नसतात.