कोळशांचा विस्तव

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय लेकरा,

प्रभूमध्ये सलाम.

आज चर्चच्या उपासनेत तू रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हटलंस. आवाज छान लागला होता, पण माझ्या कानात तुझा मंगळवारचा आवाज होता. तुमच्या दारात चप्पल काढत होतो आणि आतून ऐकू आलं, "तुम्हाला काय कळतंय? जन्म मागावर गेला तुमचा." मी तसाच मागं फिरलो. खिडकीतून पप्पा दिसले. हातातली कडक भाकरी नुसती धरून बसले होते, मोडलीही नव्हती.

रागवायला लिहीत नाही रे. जीव तुटला म्हणून लिहितोय.

पप्पा सारखे ओरडतात, ही तुझी नेहमीची तक्रार. मीही 20 वर्षं टॉवेलच्या कारखान्यात काढलीत. माग सुरू असले की शेजारच्याला हाक मारायलासुद्धा गळ्याच्या शिरा ताणाव्या लागतात. वर्षानुवर्षं असं बोललं की घरीही आवाज खाली येत नाही, आणि कानही मंद होतात. त्यांच्या आवाजात तुला राग वाटतो तेव्हा बहुतेक वेळा राग नसतोच. तू मात्र त्या दिवशी न ओरडता, स्पष्ट बोललास, आणि ते नेमकं लागलं.

बायबलमधल्या आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात याकोब जिभेला आग म्हणतो, ते तुला पाठ आहे. मला त्याच्या पुढचं जास्त बोचतं. याच जिभेनं आपण पित्याचा धन्यवाद करतो आणि हिनंच देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे घडलेल्या माणसाला शाप देतो. तुझं भजन आणि मंगळवारचं वाक्य, तोंड एकच.

मोबाइलवर तू जी प्रवचनं ऐकतोस, त्यात "तोंडानं घोषित कर, म्हणजे मिळेल" असं सांगतात. मला ते पटत नाही. "प्रकाश होवो" म्हटल्यावर प्रकाश होणं हे देवाच्या शब्दाचं सामर्थ्य. आपण उद्याचा बेत सांगतानाही "प्रभूची इच्छा असेल तर" म्हणावं, असं याकोबच लिहितो. आपला शब्द समोरच्याच्या आत जाऊन बसतो, त्याची ताकद ती. दहावीच्या निकालादिवशी मी धाकट्या भावाला म्हणालो होतो, "तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही." संध्याकाळपर्यंत विसरलोही. 25 वर्षांनी, त्याच्या मुलीच्या लग्नात, त्यानं ते वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मला मान वर करता येईना.

ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला की कारागीर माग थांबवतो. टोकं शोधतो, गाठ मारतो, फणीतून ओढून घेतो आणि मगच माग सुरू करतो. तसाच रेटला तर त्या जागेची रेघ पुढच्या सगळ्या कापडात उतरते. पप्पांच्या हातांनी हे किती वेळा केलं असेल, त्याची मोजदाद नाही. काय कळतं त्यांना, असं तू विचारलं होतंस ना?

भजनानंतर तू मला म्हणालास, "काका, मी प्रभूची क्षमा मागितली." चांगलं केलंस. पप्पांची कधी?

प्रभू येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघ. महायाजकाच्या वाड्यात, जिथं तो कोळशांच्या विस्तवाशी शेकत होता, तिथं त्यानं "मी त्याला ओळखत नाही" म्हणून प्रभूला नाकारलं, तेही तीनदा. बाहेर जाऊन रडला, पण गोष्ट तिथं संपली नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात समुद्रकाठी पुन्हा कोळशांचाच विस्तव आहे, वर मासळी आणि भाकर. नव्या करारात असा विस्तव या दोनच ठिकाणी येतो. प्रभूनं आधी खाऊ घातलं, मग तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" पेत्र म्हणतोसुद्धा, "प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे." ठाऊक होतंच. तरी प्रभूनं त्याच्या तोंडून ते तीन वेळा वदवून घेतलं, बाकीच्या शिष्यांच्या देखत.

पप्पांची या आठवड्यात रात्रपाळी आहे. सकाळी आले की आधी चहा दे. मग समोर बसून मोठ्यानं बोल, पुटपुटलेलं त्यांना ऐकू येत नाही. "पप्पा, मंगळवारी मी चुकीचं बोललो. मला माफ करा." त्याला "पण" जोडू नकोस. ते कदाचित काहीच बोलणार नाहीत, "जेवलास का?" एवढंच विचारतील. तू भाकरी वाढून घे आणि त्यांच्याजवळ बस.

तुझा,
काका